येणारे आणि राहणारे

(मंडळाच्या नळदुर्ग येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला आज 'अनाथ बालकांची सेवा' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय निघण्यास एक निमित्त घडले. आपल्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली आता उच्च शिक्षणासाठी परदेशी असतात. त्यांपैकी काही जण सुटीत नेपाळ, कंबोडिया किंवा आफ्रिकेतील एखाद्या देशात जाऊन तेथील अनाथालयात दोन-तीन आठवडे सेवा करावी असे मनात आणतात. पालक मंडळाकडे विचारणा करतात, की हे काम कसे असते, मुलांना पाठवावे की पाठवू नये. मी सेवानिवृत्तीनंतर गेली काही वर्षे आठवड्यातून दोन दिवस एका बालगृहात जात असते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. त्या बालगृहाचे नाव मी सांगणार नाही. तेथील मुलांची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी परक्याच्या लेकराचे दुःख त्याच्या नावागावासह सभेत मांडणे सभ्यपणाला शोभले नसते.

हा मेळावा नळदुर्गला भरावा आणि हाच विषय निघावा, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. परगावाहून आलेल्या मंडळींनी सकाळी किल्ला पाहिला, बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातील पाणीमहाल पाहिला, नर आणि मादी या धबधब्यांच्या जागा पाहिल्या. नळदुर्गची ही कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु अनाथांच्या सेवेचा विचार करणाऱ्यांसाठी या गावाची आणखी एक ओळख आहे, आणि ती फारशी जुनी नाही.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी येऊन निजली होती. ३० तारखेच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव, म्हणजे त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या दिवशी साऱ्या देशाला कळली. आपल्याकडील घरांच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन हात रुंद, आणि वर मातीचे जड धाबे. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. सुमारे दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे मूळ जागा सोडून नव्याने वसवावी लागली. आपल्यापैकी कित्येकांच्या आप्तांची घरे त्यांत होती. त्यांच्या दुःखावर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. मला सांगावयाचे आहे ते मागे राहिलेल्या लेकरांविषयी.

त्या वेळी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मदत आली. धान्य आले, कपडे आले, डॉक्टर आले, तरुणांची पथके आली. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. त्याच काळात राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या वाटेने विचार केला. मुलांना त्यांच्या मुलखातच, त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या ज्वारीच्या भाकरीत वाढू द्यावे, या विचाराने नळदुर्गजवळ एक वसतिस्थान उभे राहिले. त्याला 'अनाथाश्रम' म्हटले नाही, 'बालकाश्रम' म्हटले नाही. नाव ठेवले 'आपलं घर'.

या घराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते पन्नालाल सुराणा मूळचे बार्शीचे. त्यांचा जन्म १९३३ सालचा, म्हणजे भूकंप झाला तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. समाजवादी चळवळीत हयात घालविलेल्या, लेखन आणि पत्रकारिता केलेल्या या गृहस्थाला त्या वयात विश्रांतीचा पूर्ण अधिकार होता. तरीही त्यांनी या मुलांसमवेत नळदुर्गलाच मुक्काम ठेवला आणि वर्षानुवर्षे ठेवला. भूकंपात पोरकी झालेली मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली, पुढे अन्य निराधार मुलांना त्या घराचा आसरा मिळाला. माझ्या दृष्टीने या हकीकतीतील महत्त्वाचा शब्द 'मुक्काम' हा आहे. भूकंपानंतर आलेले पुष्कळ होते, राहिलेले थोडे होते. अनाथ बालकांच्या सेवेचे सारे मर्म या येण्यात आणि राहण्यात आहे, आणि आजच्या भाषणात मला तेवढेच सांगावयाचे आहे.

बालगृहातील दिवस कसा असतो ते प्रथम सांगते. ज्यांनी ते जवळून पाहिलेले नाही त्यांच्या मनात दोन चित्रे असतात. एक, भुकेली रडवेली मुले. दुसरे, रांगेत बसून प्रार्थना म्हणणारी शहाणी मुले. प्रत्यक्षात तेथे एक मोठे, गर्दीचे आणि सदैव घाईत असलेले घर असते. पहाटे साडेपाचला बंब पेटतो. चाळीस मुलांच्या अंघोळी दीड तासात उरकावयाच्या असतात. कोणाचा टॉवेल हरवलेला असतो, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलेला असतो. मुलींच्या वेण्या घालणे हे एक स्वतंत्र कामच असते. एकीच्या डोक्यात उवा निघाल्या की साऱ्यांची डोकी पाहावी लागतात. मुले शाळेत गेली म्हणजे काम संपले असे नाही. डाळ-तांदूळ निवडावयाचे, गणवेशाची उसवण शिवावयाची, बटणे लावावयाची, किराणा दुकानदाराचा हिशेब पाहावयाचा, शासनाच्या नोंदवह्या भरावयाच्या. सायंकाळी अभ्यास. एकाला भागाकार येत नाही, दुसऱ्याला जोडाक्षरे वाचता येत नाहीत. एक मुलगा पुस्तक उघडून तासभर एकाच पानाकडे पाहत बसतो, आणि त्याला रागवावे की जवळ घ्यावे हे त्याला ओळखणाऱ्या माणसालाच कळते.

रात्रीचे काम सर्वांत कठीण. मी स्वतः रात्री फार वेळा राहिलेली नाही, परंतु जेव्हा राहिले तेव्हा तेथील मावशींचे मोठेपण मला कळले. दिवसा दंगा करणारी मुले रात्री भितात. आठ-नऊ वर्षांचे मूल अंथरूण ओले करते आणि सकाळी ते कोणाला दिसू नये म्हणून स्वतःच त्याची वळकटी करून ठेवते. मावशी पहाटे उठून ती वळकटी न बोलता धुण्यात टाकतात आणि त्या मुलाला जाणवू न देता दुसरी वाकळ त्याच्या जागी ठेवतात. कायद्याच्या भाषेत या बाईंना काळजीवाहक म्हणतात. त्यांचे वेतन थोडे असते, त्यांचे छायाचित्र कोठेही छापून येत नाही. परंतु त्या घरात मुलाला झोप लागते ती त्यांच्यामुळे.

अशा घरात आपण जातो ते कशाकरिता आणि कसे, याचा विचार करू. आपल्या समाजात एक चांगली प्रथा रूढ झाली आहे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वडिलांची पुण्यतिथी या निमित्ताने आपण बालगृहात जेवण देतो. या प्रथेमागील भावना शुद्ध आहे याविषयी मला शंका नाही. परंतु तेथल्या बाजूने ती कशी दिसते ते ऐका. श्रावणात आणि दिवाळीच्या आसपास एका आठवड्यात तीनदा जिलेबी येते. जूनमध्ये वह्या, दप्तरे, छत्र्या आणि शाळेचे बूट लागतात, तेव्हा दाते आठवत नाहीत. पाहुणे येणार म्हणून मुलांचा खेळाचा तास मोडतो. स्वागतगीत म्हणावयाचे, टाळ्या वाजवावयाच्या, केक कापला जाताना शेजारी उभे राहावयाचे. ज्याची जन्मतारीख वैद्यकीय अंदाजाने कागदावर लावलेली आहे, त्या मुलाने दुसऱ्याच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवावयाच्या, यातील विसंगती आपल्या ध्यानातही येत नाही. मी जाते तेथील एक दहा वर्षांचा मुलगा जिलेबीचा वास आला की विचारतो, "आज कोणाचं आहे?" वाढदिवस की वर्षश्राद्ध, हे तो विचारीत नाही. त्याला दोन्ही सारखेच.

आणि एक गोष्ट. पाहुणा दारात येताच काही लहान मुले धावत येऊन त्याला बिलगतात, हात धरतात, मांडीवर बसतात. पाहुण्याचे डोळे भरून येतात. तो घरी जाऊन सांगतो, "किती माया लावतात हो ही मुले!" परंतु आपल्या घरातील दोन-तीन वर्षांचे मूल अनोळखी माणूस आला तर काय करते? आईच्या पदराआड लपते. ते लपणे हेच निकोप वाढीचे लक्षण आहे, कारण त्याला आपले कोण आणि परके कोण हे कळलेले असते. जे मूल कोणालाही बिलगते, त्याला हा भेद शिकण्याची संधी मिळालेली नाही. पाहुण्याला जी माया वाटते ती त्या लेकराची जखम असते. आपण अर्धा तास तिला गोंजारतो आणि निघून जातो. त्या मुलाच्या आयुष्यातून आणखी एक माणूस गेलेला असतो.

हा केवळ माझा समज नाही. जॉन बोल्बी या इंग्रज मनोवैद्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली एक अहवाल लिहिला. दुसऱ्या महायुद्धाने पोरक्या केलेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा युरोपपुढे होता. लहान मुलाला आईशी, किंवा आईची जागा घेणाऱ्या एका स्थिर माणसाशी जिव्हाळ्याचे व अखंड नाते लाभणे हे त्याच्या मानसिक आरोग्यासाठी अत्यावश्यक आहे, हे त्या अहवालाने जगापुढे मांडले. पुढे रुमानियात याची कटू प्रचीती आली. १९८९ साली तेथील हुकूमशाही कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत कोंबलेली आढळली. अन्न-वस्त्र कमीअधिक मिळत होते, परंतु जवळचे माणूस नव्हते. २००० सालापासून बुखारेस्ट येथे अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा १३६ बालकांचा अभ्यास केला. निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवले, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि मन अधिक चांगले वाढले, आणि साधारणतः दोन वर्षे पुरी होण्यापूर्वी जी गेली त्यांची प्रगती विशेष झाली. आपल्या आजीला जे सहज ठाऊक होते, ते शास्त्राने मोजून दाखविले इतकेच.

आता परदेशातील सेवेकडे वळू. नेपाळ, कंबोडिया अशा देशांत गेल्या काही दशकांत पर्यटकांचा ओघ वाढला आणि त्याबरोबर अनाथालयांची संख्याही वाढली. कंबोडियात चौकशी झाली तेव्हा आढळले की तेथील अनाथालयांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. गरीब आईबापांना शिक्षणाचे आमिष दाखवून मुले आणावयाची आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालवावयाची, असा हा व्यवहार होता. सर्वच संस्था अशा नसतात, हे उघड आहे. परंतु जेथे पाहुण्याला अनाथ मूल पाहावयाचे असते, तेथे अनाथ मुले तयार केली जातात, हे सत्य जगाला मान्य करावे लागले. २०१९ सालच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील अशा हंगामी सेवेमुळे मुलांची होणारी हानी स्पष्टपणे नमूद केली.

याचा अर्थ परक्या मुलखातील माणसाने सेवा करूच नये असा नाही. आपल्याच महाराष्ट्रात याची थोर उदाहरणे आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगावला आश्रय दिला. तेथील मुक्तिसदनात परदेशी स्त्रियाही काम करीत. त्यांपैकी मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाई १८९८ साली केडगावला आली आणि वर्षानुवर्षे त्या कामात राहिली. पंढरपूरला १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथ बालकाश्रम उभा राहिला, तो लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांच्या पुढाकाराने. ते तेथे न्यायखात्यात अधिकारी म्हणून आले होते. टाकून दिलेल्या अर्भकांचे हाल त्यांनी पाहिले आणि प्रार्थना समाजाच्या साहाय्याने अशी संस्था उभारली की जी त्यांची बदली झाल्यावरही चालावी. ही माणसे परकी होती. पण त्यांचे काम दोन आठवड्यांचे नव्हते.

आणखी एक उदाहरण उलट दिशेचे आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून हाकलले गेलेले सुमारे पाच हजार लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे ज्या पोलिश मुलांना आश्रय दिला होता, त्यांपैकी अनेकांना पुढे वळिवड्यालाच आणण्यात आले. त्या छावणीत त्यांच्या भाषेच्या शाळा होत्या, त्यांचे प्रार्थनामंदिर होते, त्यांचे सण साजरे होत. कोल्हापूरकरांनी त्यांना जागा दिली, शेजार दिला, आणि त्यांचे घर त्यांचेच राहू दिले. ती मुले म्हातारी झाल्यावरही हजारो मैलांवरून कोल्हापूरला भेट देण्यास येत राहिली. सेवा करणाऱ्याने मुलाला आपल्यासारखे करावयाचे नसते, त्याचे आपलेपण सांभाळावयाचे असते, हे आपण त्यातून शिकावे.

म्हणून ज्या पालकांनी विचारणा केली त्यांना माझे उत्तर असे. मुलाला चार प्रश्न विचारा. तेथील मुलांची भाषा तुला येते काय? किती दिवस राहणार? ती संस्था तुझ्या चारित्र्याचा दाखला मागते काय? आणि तू तेथे गेला नाहीस तर त्या मुलांचे नेमके काय अडेल? जी संस्था दाखला न मागता, केवळ शुल्क घेऊन अनोळखी तरुणाला लहान मुलांच्या खोलीत सोडते, त्या संस्थेत आपले मूल ठेवण्यास आपण तयार झालो असतो काय? जावयाचेच असेल तर मुलांना मांडीवर घेण्यासाठी जाऊ नये. तेथील कर्मचाऱ्यांना हिशेब शिकवावा, विजेची दुरुस्ती करावी, पाण्याची टाकी बसवून द्यावी. राहणाऱ्यांचे हात बळकट करावेत. आणि हेच करावयाचे तर विमानाचे तिकीट कशाला? सोलापूरहून नळदुर्ग किती लांब आहे?

बाहेरून येणाऱ्याने येऊच नये, असा माझ्या बोलण्याचा कोणी अर्थ काढील. तसे नाही. याविषयी या गावाचा देवच आपल्याला मार्ग दाखवितो. अणदूर आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. देवाचा मुक्काम सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. देव एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावयाचा तेव्हा दोन्हीकडील मानकऱ्यांत लेखी करार होतो: अमुक दिवशी नेऊ, अमुक दिवशी परत आणू. म्हणूनच देव निघाला तेव्हा अणदूरकरांना तो आपल्याला सोडून गेला असे वाटत नाही. येण्याचा दिवस ठरलेला आहे आणि तो मोडत नाही. बालगृहात जाणाऱ्या माणसाने एवढे व्रत पाळावे. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. एका सात वर्षांच्या मुलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ते वार पेन्सिलीने गोल करून ठेवले आहेत. मी काय आणते याकडे तिचे लक्ष नसते. गोल केलेल्या दिवशी मी येते की नाही, एवढेच ती पाहते. ज्यांच्या आयुष्यात कोणताच शब्द पाळला गेला नाही, त्यांना पाळलेला शब्द कसा असतो ते दाखविणे, ही बाहेरून येणाऱ्याची सेवा. ती लहान आहे, पण खोटी नाही.

आता मी अशा मुद्द्याकडे वळते की जो आपल्या सभेत बोलताना मला थोडा संकोच वाटतो. हे ज्ञातिमंडळ आहे. आपण एकमेकांना भेटलो की प्रथम आडनाव विचारतो, आडनाव कळले की गाव, गाव कळले की मामाचे कुळ, आणि पाच मिनिटांत काहीतरी नाते निघते. नाते निघाले की चहा येतो, मुलाच्या नोकरीची गोष्ट निघते, मुलीच्या स्थळाची गोष्ट निघते. हेच आपल्या मंडळाचे बळ आहे आणि मी त्याला हसत नाही. परंतु ज्याला आडनाव दुसऱ्याने दिले आहे, ज्याचे गाव कोणाला ठाऊक नाही, त्याच्यासाठी हा चहा कोण मागविणार? शाळेच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे जातीचा रकाना कोरा. जातीच्या दाखल्यासाठी बापाची वंशावळ लागते, आणि त्याला बापाचे नावच नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवले, ते याच कारणाने. शासनाने रकाना भरला; समाजाने अजून भरावयाचा आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे मूल बालगृहातून बाहेर पडते. कायद्यात त्यापुढील अनुरक्षणाची तरतूद आहे, परंतु ती सर्वांपर्यंत पोहोचत नाही. आपली मुले अठराव्या वर्षी बाहेरगावी जातात तेव्हा आपण त्यांना बसमध्ये बसवून देतो, डबा देतो, रात्री फोन करून पोहोचलास का म्हणून विचारतो. या मुलाला खोली भाड्याने घ्यावयाची तर घरमालक विचारतो, "घरी कोण असतं?" बालपणातील अनाथपण मुलांच्या गर्दीत थोडे झाकलेले असते, ते पूर्ण उघडे पडते या प्रश्नापाशी. आणि बालगृहाला जेवण देणारे आपण त्या वेळी तेथे नसतो, कारण अठरा वर्षांच्या तरुणाबरोबर छायाचित्र काढावेसे कोणाला वाटत नाही.

महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, हे आपण शाळेत शिकलो. त्याहून मोठी गोष्ट त्यांनी पुढे केली. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले, त्याला डॉक्टर केले. जातीच्या बंधनांनी जखडलेल्या त्या काळात या दांपत्याने दुसऱ्या जातीच्या लेकराला आपला वारस केले. गृह काढणे ही सेवा होती. यशवंताला आपले नाव देणे हे त्या सेवेचे पूर्णत्व होते.

आपल्यापैकी प्रत्येकाने मूल दत्तक घ्यावे असे मी म्हणत नाही. ज्यांची इच्छा आहे त्यांनी शासनमान्य यंत्रणेमार्फत रीतसर अर्ज करावा. मंडळापुढे मात्र मी तीन विनंत्या ठेवते.

पहिली विनंती कुटुंबांना. नात्यागोत्यात, शेजारीपाजारी कोणाचा कर्ता पुरुष गेला, शेतकऱ्याने जीव दिला, आई आजाराने गेली, तर 'मुलांना कुठेतरी संस्थेत टाकू' हा सल्ला देण्याची घाई करू नका. एक पालक किंवा आजी-आजोबा असतील तर मूल घरीच राहावे म्हणून शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज भरून देणे, कागद गोळा करणे, जिल्हा कचेरीत दोन खेटे घालणे, ही सेवा आपल्यातील कोणीही करू शकतो. आणि संकटातील मूल दिसले तर १०९८ हा क्रमांक सर्वांनी पाठ ठेवावा.

दुसरी विनंती दात्यांना. यापुढे जेवणाऐवजी बालगृहाच्या चालकांना विचारा, काय हवे आहे. ते म्हणतील डाळीचे दुकानबिल, ते म्हणतील डोळ्यांची तपासणी, ते म्हणतील मावशींच्या रजेत एक माणूस. ते द्या, नावाची पाटी न लावता द्या. आणि जाणार असाल तर वार ठरवून जा, आणि ठरविलेला वार मोडू नका.

तिसरी विनंती मंडळाला, आणि तिच्यासाठीच मी मुख्यत्वे उभी आहे. आपले विद्यार्थी वसतिगृह आहे. छत्रपती शाहूमहाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांना चालना दिली. गावाहून आलेल्या मुलाला शहरात आपले माणूस मिळावे हा वसतिगृहांचा एक मोठा उपयोग झाला, आणि आपल्या वसतिगृहामागेही तीच भावना आहे. आपल्या नियमावलीत प्रवेश ज्ञातिबांधवांच्या पाल्यांपुरता आहे. त्यात एक पोटकलम घालून दरवर्षी दोन जागा बालगृहातून अठरा वर्षे पूर्ण करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. त्यांची जात विचारू नये, कारण ती त्यांनाही ठाऊक नसते. त्या प्रत्येकासाठी मंडळातील एका कुटुंबाने पालक म्हणून नाव द्यावे. खर्च ही गौण बाब आहे. दिवाळीला त्याला घरी बोलवावे, परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करावा, आणि घरमालकाने किंवा नोकरीच्या मुलाखतीत कोणी विचारले, "घरी कोण असतं?" तर त्याला एक नाव सांगता यावे.

काही सभासद म्हणतील की मंडळाच्या पैशावर ज्ञातीतील गरीब मुलांचा पहिला हक्क आहे. तो हक्क मी नाकारीत नाही; दोन जागांनी तो बुडणार नाही. काही जण म्हणतील की असे केल्याने ज्ञातिमंडळाचे स्वरूप बदलेल. मला तसे वाटत नाही. ज्याला कोणी नाही त्याला आपले म्हणणारी माणसे असतात, याच विश्वासावर कोणतीही ज्ञाती उभी राहते. ज्या तालुक्यात भूकंपानंतर परक्यांच्या लेकरांसाठी बांधलेल्या घराला 'आपलं घर' हे नाव मिळाले, त्या तालुक्यात आज हा ठराव चर्चेस यावा अशी माझी इच्छा आहे. ठरावाचा मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात तो मतास टाकावा, अशी अध्यक्षमहाराजांना माझी विनंती आहे. पालक म्हणून पहिले नाव मी माझ्या कुटुंबाचे देते.